कुटुंबासह पाहण्याजोगे : कोणाच्या कुटुंबासह?

'शिनचॅन' या जपानी कार्टूनवर बंदी घालावी, अशा मागणीचा एक अर्ज गेल्या पावसाळ्यापासून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या कामाच्या गावांमधून फिरतो आहे. एका शाळेच्या पालकसभेत तो तयार झाला. खाली बचत गटांच्या शिक्क्यांसाठी जागा सोडली आहे आणि आपल्या ओळखीच्या दोन-तीन महिला गटांनी शिक्के मारलेही आहेत. आमच्या गटाने मारला नाही. 'तुम्हाला हा चावटपणा चालतो का?' असे विचारणाऱ्या मैत्रिणी परक्या नाहीत, दारूबंदीच्या मोर्च्यात आमच्याबरोबर चाललेल्या आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अर्जात म्हटले आहे की हा पोरगा चड्डी खाली करून नाचतो, त्याचे पाहून मुले उलट उत्तरे देतात, आईबापांचा मान ठेवत नाहीत, संस्कृती बिघडते. आणि शेवटी ते वाक्य येते, ज्याने सगळ्यांची तोंडे बंद होतात : 'सदर कार्यक्रम कुटुंबासह पाहण्याजोगा नाही.'

तक्रार नवी नाही. योशितो उसुई या चित्रकाराने १९९० मध्ये ही चित्रकथा सुरू केली ती मोठ्यांच्या एका साप्ताहिकात. १९९२ मध्ये तिचे टीव्ही कार्टून झाले आणि ते लहानांनी उचलले. जपानमधल्या पालक-शिक्षक संघांच्या पाहणीत 'मुलांनी पाहू नये असे वाटणारे कार्यक्रम' या यादीत शिनचॅन वर्षानुवर्षे वरच्या जागी असे. आपल्याकडे ते २००६ मध्ये हंगामा वाहिनीवर हिंदीत आले. २००८ मध्ये पालकांच्या तक्रारींवरून केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने ते बंद केले आणि २००९ मध्ये कात्री लावून ते परत आले. म्हणजे आज जी मागणी आपण करतो आहोत ती एकदा मान्य होऊन गेलेली आहे. मग त्या वेळी काय कापले गेले आणि काय राहिले, एवढे तरी शिक्का मारण्याआधी पाहायला नको का?

कापले गेले ते मुख्यतः ढुंगण, आणि काही शब्द. आई जशीच्या तशी राहिली.

ही आई, मिट्सी, अवघी एकोणतीस वर्षांची आहे. सकाळी पोराला झोपेतून ओढून काढते, शाळेची गाडी चुकली की सायकलवर घालून पोचवते, घरी आल्यावर धुणे, झाडू, स्वयंपाक, तान्ह्या हिमावारीचे करणे. आणि या सगळ्या वेळात तिच्या पोटावर, तिच्या कमरेखालच्या घेरावर, तिच्या वयावर विनोद चालू असतात. करणारा पाच वर्षांचा, म्हणून ते निरागस. ती चिडते, पोराच्या डोक्यावर ठोसे हाणते, त्याला टेंगूळ येते आणि तिचे चिडणे हाही विनोदच होतो. बापाचीही थट्टा आहे, त्याच्या मोज्यांच्या वासाची, तुटपुंज्या पगाराची; पण ती तो दमून घरी येऊन बसल्यावरची आहे. तिची होते तेव्हा तिच्या हातात झाडू असतो. शिवाय हा मुलगा रस्त्यावर दिसेल त्या तरुण मुलीच्या मागे लागतो, तिच्याशी लाडीगोडी करतो. आपल्या अर्जात चड्डी आहे, ही मागे लागण्याची सवय नाही. संस्कृती चड्डीत अडकली आहे, असेच म्हणायचे.

आता 'उलट उत्तर' या तक्रारीचे बघू. मला ती सगळ्यात जास्त खुपली. आपल्या शिबिरांमध्ये किशोरी मुलींना आपण काय शिकवतो? नाही म्हणायला, विचारायला, उलट बोलायला. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती बायका नवऱ्याला, पाटलाला आणि ठाणेदाराला उलट बोलल्या म्हणून. २०१० मध्ये चंद्रपूरच्या बायका चिमूरहून चालत नागपूरला विधानसभेवर गेल्या, १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली, २०२१ मध्ये सरकारने ती उठवली, आणि बायका अजूनही उलट बोलताहेत. अशा चळवळीतल्या गटांनी 'मुले उलट उत्तरे देतात' या तक्रारीखाली शिक्का मारावा? शिनचॅनच्या उलट उत्तरात दोष असेलच तर तो वेगळा आहे. ते नेमके आईला दिले जाते. घरात ज्या माणसाला उलट बोललेले खपते, त्यालाच.

अर्जाला नुसते 'नाही' म्हणून भागणार नव्हते. म्हणून ताडोबाच्या बफर पट्ट्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला जोडून आम्ही तीन संध्याकाळी मुले जे पाहतात तेच लावले. मोठ्या बायका, मुली, मुलगे, एकत्र. पडदा नाही, सोय नाही, अंगणवाडीतल्या टेबलावर एक टीव्ही. पुरुषांनाही बोलावले होते. दोघे दाराशी उभे राहिले.

शिनचॅनच्या भागात बाप कामावरून येतो आणि फेसाळता ग्लास तोंडाला लावतो. हिंदीत त्याला ज्यूस म्हटले. सगळी अंगणवाडी हसली. 'हा ज्यूस कोन्त्या दुकानात भेटते तं आमाले मालूम आहे,' असे एक बाई म्हणाली आणि मग कितीतरी वेळ कार्टून बाजूला राहून गावातल्या दुकानावर बोलणे चालले. मिट्सीकडे बघून तिच्या शेजारची इतकेच म्हणाली, 'हिले तं इतवारबी नाही.' कात्री लावणाऱ्यांना ग्लासातल्या पेयाचे नाव बदलावेसे वाटले. इतवारचा प्रश्न त्यांना पडला नाही, पडणारही नव्हता.

दुसऱ्या दिवशी 'डोरेमॉन'. हे तर सगळ्यांच्या मते चांगले कार्टून, अर्जात त्याचे नावही नाही. निळे रोबोट मांजर, आळशी नोबिता, अभ्यासाची शिकवण. त्यात शिझुका नावाची हुशार, समजूतदार मुलगी आहे आणि तिला आंघोळ फार आवडते असे दाखवले आहे. कुठेही नेणाऱ्या दारातून नोबिता निघतो तो पुन्हा पुन्हा नेमका तिच्या न्हाणीघरात. ती किंचाळते, पाणी फेकते, तो पळतो, पुढच्या प्रसंगात दोघे मित्र. आपल्याकडे दाखवताना अंग दिसणारा भाग कापतात, पण दार उघडणे आणि किंचाळणे काही भागांत राहते. आम्ही लावलेल्या भागात ते होते. मुलगे हसले. मुली हसल्या नाहीत. सातवी-आठवीतल्या मुलींनी माना खाली घातल्या आणि त्यांच्या आया त्यांच्याकडे बघायचे टाळू लागल्या.

या गावांमधली न्हाणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते गप्प होणे कळेल. बांबूच्या ताट्या, वरून उघडे, एका बाजूला जुने लुगडे बांधलेले. मुली उजाडायच्या आत आंघोळ उरकतात. कोणी डोकावले तर ओरडायचे की नाही, याचा हिशेब आधी करावा लागतो, कारण ओरडले की तिचीच शाळा सुटते. आणि आता डोकावणाऱ्याच्या हातात मोबाईल असतो. तिथे पडद्यावर सांगितले जाते की ती ओरडली, त्याने 'सॉरी' म्हटले, झाले. चड्डी काढून नाचणाऱ्या पोराने कोणाचे काय नेले? न्हाणीत शिरणाऱ्याने नेले. तरी कुटुंबाच्या कसोटीवर पहिला नापास, दुसरा पास.

डोरेमॉनच्या मूळ गोष्टीत आणखी एक खोच आहे, ती मुलांपेक्षा आपल्यासारख्यांनी लक्षात घ्यावी. डोरेमॉन भविष्यातून येतो तो नोबिताचे नशीब बदलायला. त्याच्या वाईट नशिबात काय लिहिलेले असते? अनेक संकटे, आणि त्यांतले एक म्हणजे जियानच्या जाड्या बहिणीशी, जायकोशी लग्न. सुधारला तर बक्षीस शिझुका. एक मुलगी शिक्षा, दुसरी इनाम. जायको पुढे चित्रकथा काढणारी होते, मन लावून काम करते, पण तिची पहिली ओळख ती.

'छोटा भीम' आपला, देशी. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीने तो २००८ मध्ये पोगो वाहिनीवर आणला. त्याबद्दल तर कोणीच तक्रार करणार नाही. धोतर आहे, राजा आहे, लाडू आहेत. चुटकी कधी खेळते, कधी लढतेही, हे मान्य. पण लाडू भीम खातो आणि ताकद त्याला येते. तिसऱ्या संध्याकाळी एका आजीने विचारले, 'लाडू खाल्ल्यानं ताकद येते, तं लाडू बांधनारीले काहून नाही येत?' स्त्री-अभ्यास केंद्रांमध्ये घरकामाच्या मूल्यावर जे ग्रंथ आहेत ते मी बरेचसे वाचले आहेत. एवढ्या थोडक्यात कोणी मांडलेले आठवत नाही.

जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, भीमाचे लग्न चुटकीशी न होता राजकुमारी इंदुमतीशी झाले अशी अफवा समाजमाध्यमांवर उठली आणि 'चुटकीला न्याय द्या' म्हणून मोठ्या माणसांनी गदारोळ केला. कंपनीला खुलासा करावा लागला की ही सगळी लहान मुले आहेत, कोणाचेही लग्न झालेले नाही. थट्टाच होती, मला माहीत आहे. पण थट्टेतही चुटकीवरचा अन्याय कोणता ठरला? लाडू नव्हे. भीमाने तिला पत्नी केले नाही हा. शाळा बंद पडल्यामुळे मुलींची लग्ने उरकली जाऊ नयेत म्हणून आपल्यापैकी कित्येकजणी त्याच दिवसांत दारोदार हिंडत होत्या.

मैत्रिणी म्हणतील, मग तुमचे म्हणणे काय, सगळेच बंद करायचे? नेमके तेच नाही. बंद करणे कोणाला परवडते ते आधी बघा. या पट्ट्यात दिवे लागले की मुलांना घरात घ्यावे लागते. 'वाघ दरवाज्यात येते ताई, पोट्ट्यायले बांधून ठेवू का?' असे मला एका आईने ऐकवले आहे. तेंदूपत्त्याच्या दिवसांत बाई पहाटे जंगलात जाते. मिरची तोडायला तेलंगणात गेली की महिना-दोन महिने येत नाही. मागे म्हातारी सासू, दोन मुले आणि एक मोबाईल. त्या मोबाईलमधले कार्टून हेच तिथले पाळणाघर आहे. पाळणाघर नाही, अंगणवाडीची वेळ संपलेली, आणि आपण त्या आईला संस्कारांवर व्याख्यान देणार?

बंदीचे दुसरे टोक कोणावर पडते तेही पाहा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी गावाच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या सर्वांना मोबाईल बंद करण्याचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने दुसरी वाट काढली : संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही-मोबाईल बंद, मोठ्यांचेही. हे मला पहिल्यापेक्षा पुष्कळ बरे वाटते, कारण त्यात बापही सापडतो. फक्त त्या दीड तासात चुलीपुढे कोण असते ते विचारावेसे वाटते. आमच्या गावांत अर्ज फिरल्यानंतर काय झाले? ज्या घरांनी मनावर घेतले त्यांतल्या बहुतेक ठिकाणी मोबाईल मुलीच्या हातातून गेला. मुलाच्या हातात राहिला, त्याला 'ऑनलाइन अभ्यास' असतो.

कायद्याकडे वळले तरी हेच दिसते. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४, यातला सहावा नियम म्हणजे कार्यक्रमांची आचारसंहिता. स्त्रियांची मानहानी होईल असे दाखवू नये, मुलांची करू नये, अंधश्रद्धेला उत्तेजन देऊ नये, हे सगळे त्यात आहे. त्यातच एक उपनियम असा आहे की स्त्रियांना नेतृत्वाच्या भूमिकेत दाखवणारे कार्यक्रम द्यावेत, पण ते नेतृत्व कसे, तर संयमी, नैतिक आणि चारित्र्य घडवणारे. म्हणजे पुढारी व्हा, पण सोज्वळ. पुरुषांच्या नेतृत्वाला असे विशेषण त्या नियमात कुठे लावलेले नाही.

पण त्याच नियमात एक कलम आपल्या कामाचे आहे, आणि ते मला गडचिरोलीत आठवले. तिथे आश्रमशाळांमध्ये आमचे किशोरींचे गट आहेत. एका वसतिगृहात सुट्टीच्या दिवशी कार्टून चालू होते. नायक जंगलात जातो, तिथे 'जंगली' लोक. कमरेला पाने, डोक्यात पिसे, हातात भाला, तोंडाने हुर्र हुर्र. मुले खिदळत होती. भामरागडकडची एक माडिया मुलगी मला म्हणाली, 'ही कुठली भाषा?' मी सांगितले, भाषा नाही, नुसते आवाज आहेत. 'मग त्यांना बोलता येत नाही?' यावर तिथल्या एक बाई हसल्या. मुलगी हसली नाही.

जंगलातल्या माणसाला बोलता येत नाही हे त्या मुलीने कोणाबद्दल ऐकायचे? तिची आजी झाडांची जेवढी नावे सांगते तेवढी वनविभागाच्या फलकावरही मावणार नाहीत. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर नोंदले गेले, तरी ती भाषा आठव्या अनुसूचीत नाही. बांगलादेशाने २०१३ मध्ये हिंदीतला डोरेमॉन बंद केला, कारण मुले बंगाली सोडून हिंदी बोलू लागली अशी चिंता होती. इथे एटापल्ली-भामरागडची मुले कार्टूनची हिंदी आणि शाळेची मराठी शिकतात आणि घरची भाषा वसतिगृहाच्या दारात ठेवून येतात. त्यावर कोणाच्या पालकसभेने अर्ज काढल्याचे मी ऐकलेले नाही. आणि 'कुटुंबासह' म्हणताना कोणते कुटुंब? ज्या गावांत पाळीचे दिवस कुरमाघरात काढावे लागतात, तिथे मुलगी त्या दिवसांत कुटुंबासह काहीच पाहत नाही.

तर ते कलम : कोणत्याही वांशिक, भाषिक वा प्रादेशिक समूहाचे हेटाळणीच्या, तुच्छतेच्या नजरेने चित्रण करू नये. पानांचे घागरे आणि हुर्र हुर्र हे या कलमात सरळ बसते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर प्रेक्षकाला आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते, तिने पंधरा दिवसांत उत्तर द्यायचे, समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे आणि त्यानंतर सरकारी यंत्रणेकडे जाता येते. मोबाईलवरच्या फुटकळ तुकड्यांना हे लागू होत नाही, ही अडचण आहेच. पण 'बंदी घाला' म्हणून तहसीलदाराकडे जाण्यापेक्षा 'या भागातल्या या प्रसंगाला आमची हरकत आहे, कारण हे' असे वाहिनीला लिहिणे मला अधिक कामाचे वाटते. त्यात काय खुपले ते आपल्याला नेमके सांगावे लागते. बंदीच्या अर्जात ते सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच त्यावर दारू विकणाराही सही करतो. या अर्जावर एकाने केली आहे.

चांगले काही नाहीच का, असेही विचारले गेले. आहे. 'मीना' आठवा. १९९० च्या दशकात, सार्कने मुलींचे दशक जाहीर केले तेव्हा, युनिसेफने दक्षिण आशियासाठी ती घडवली. चित्रे आपल्या राम मोहन यांची. मीना, भाऊ राजू आणि मिठू पोपट. आंब्याच्या वाटणीच्या भागात भावाला मोठा वाटा मिळतो. मग दोघे एक दिवस कामांची अदलाबदल करतात आणि राजूला बहिणीच्या वाट्याच्या कामाबरोबर तिच्या वाट्याचे ताटही कळते. तो आम्ही तिसऱ्या संध्याकाळी शेवटी लावला. बायकांना फार आवडला. मुलांचे म्हणणे असे पडले की मीना चांगली आहे पण ती कधी खोड्या काढत नाही, सरकारी वाटते. मला त्यांचे पटले. मुलींसाठी चांगले काही करायचे म्हटले की आपण तिची खोडीच काढून घेतो. शिनचॅनइतकी वात्रट मुलगी कोणी काढली तर तिच्यावर बंदीचा अर्ज किती दिवसांत निघेल?

आमच्या गटाने आता दोन तक्रारी लिहिल्या आहेत, एक न्हाणीघराच्या प्रसंगाबद्दल आणि एक जंगलातल्या लोकांबद्दल. मसुदा ज्या गटांना हवा असेल त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावे, पाठवून देऊ. पहिल्या तक्रारीच्या शब्दांवरून बैठकीत बरेच भांडण झाले. मोठ्या बायकांना 'अश्लील' हा शब्द हवा होता, त्याशिवाय कोणी दखल घेत नाही असे त्यांचे म्हणणे. मुलींना तो नको होता; अश्लील म्हटले की शिझुकाच अश्लील ठरेल, असे आठवीतली एक म्हणाली. शेवटी तिथे मुलींनी सुचवलेले वाक्य ठेवले : 'ती आंघोळ करत होती. तो तिला न विचारता आत आला. हे हसण्यासारखे नाही.' खाली सह्या आहेत. दोन मुलग्यांच्याही आहेत.